अबकारीच्या वहीतला मोह

पालघर जिल्ह्यातल्या मोहाचा इतिहास लिहायला बसावे, तर हाती येणारे कागद बहुतेक अबकारी खात्याचे असतात. भट्ट्यांचे मक्ते, गाळपाचे परवाने, दुकानांचे लिलाव, जप्त फुलांचे पंचनामे, दंडाच्या रकमा. खात्याला जे दिसले ते खात्याने लिहिले, त्यात खोटे काही नाही. पण कर वसूल करणाऱ्याच्या वहीत झाडाचा तेवढाच भाग उतरतो, जेवढ्यावर कर बसतो. मोहाच्या फुलाची दारू होते, दारूवर कर बसतो, म्हणून मोह म्हणजे दारूचे झाड, हे समीकरण त्या वह्यांतून निघाले आणि पुढे वर्तमानपत्रांत, कथा-कादंबऱ्यांत, शहरी बोलण्यात पक्के बसले. त्याच फुलाचे पीठ भाकरीत मिसळत, कच्च्या फळाची भाजी होई, बीचे तेल निघे आणि त्या तेलाची फोडणी वारली, कोकणा, कातकरी घरांतल्या चुलीवर पडे, याला वहीत जागा नव्हती, कारण फोडणीवर कर नव्हता. इथवर बहुतेकांना पटेल. माझे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. १८९२ मध्ये ठाणे (आजचा पालघर तेव्हा त्यातच होता) आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवर जो कायदा आला, तो चोरटी दारू रोखण्यासाठी आला. दारू त्याने फारशी थांबली नाही. मोडले ते मोहाचे खाणे. आणि हे चुकून झाले नाही, त्या कायद्याच्या रचनेतच ते होते.

आधी झाडाकडे पाहू, कारण सगळा युक्तिवाद झाडाच्या वेळापत्रकावर उभा आहे. मोह हा चिकूच्या कुळातला. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ज्या रांजणाच्या खुंटावर चिकूचे कलम बांधतात तो रांजणही याच कुळातला आणि अंगणातला बकुळही. डहाणूच्या वाड्यांतला चिकू परदेशातून आलेला पाहुणा. डोंगराकडच्या पट्ट्यातला मोह घरचा. फाल्गुन-चैत्रात मोहाची पाने झडतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस धरतात. फूल मांसल, फिकट पिवळट, गोड. ते तोडावे लागत नाही, रात्री उमलते आणि पहाटे आपोआप खाली पडते. बायका-पोरे झाडाखालचा पाला साफ करून ठेवतात, कधी जाळतात (या जाळण्यावरून वनखात्याशी होणारी भांडणे जुनी आहेत), आणि उजाडताना टोपल्या भरतात. उन्हात चार-सहा दिवस वाळले की फूल मनुक्यासारखे तांबूस होते आणि महिनोन्‌महिने टिकते. सुक्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. फुलांनंतर फळ धरते. कोवळ्या फळांना इकडे दोडे म्हणतात, त्यांच्या गराची भाजी होते. फळ पिकून पाऊस तोंडावर आला की आतली बी, म्हणजे मोहटी, गोळा होते. तिच्या गराचा तिसऱ्या हिश्शाहून अधिक भाग तेल असतो.

आता हे वेळापत्रक भाताच्या वेळापत्रकाशेजारी ठेवून पाहावे. डोंगरउतारावर नाचणी-वरी, खाली भात. दोन्ही पावसाळी पिके. कापणी दिवाळीच्या आसपास. कणगीतले धान्य, सावकाराचे देणे भागवून उरेल ते, माघ-फाल्गुनापर्यंत पुरायचे. नवे धान्य पुन्हा आश्विनात. मधले सात-आठ महिने कशावर काढायचे? उन्हाळ्यात कंद, फळे, मजुरी असते. खरी ओढ जूनपासून ऑगस्टपर्यंतची. लावणीचे कष्ट सर्वांत जास्त, घरात दाणा सर्वांत कमी, आणि जंगलात पालेभाज्या उगवतात पण त्यांनी पोट भरत नाही. मोह नेमका या खिंडीच्या तोंडाशी फुलतो. फूल एप्रिलमध्ये वाळवून ठेवायचे आणि पावसात शिजवायचे. पुंकेसर झाडून काढलेली फुले पाण्यात उकडत, कधी कडधान्याबरोबर, कधी कांडून नाचणीच्या किंवा तांदळाच्या पिठात मिसळून भाकरी थापत. भाजून, कांडून लाडूही वळत. मोहटीचे तेलही पावसाच्या तोंडाशीच निघे. म्हणजे गोड आणि स्निग्ध, हे दोन्ही जिन्नस घरात जमत ते उपासमारीच्या महिन्यांच्या अगदी आधी. डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा चैत्री पौर्णिमेला भरते तेव्हा डोंगराकडच्या अंगणांत फुले वाळत पडलेली असत. तो हंगाम सणाचा होता तसा बेगमीचाही होता.

तेलाच्या बाबतीत मोहाची तुलना भूमध्य समुद्राकाठच्या ऑलिव्हशी करण्याचा मोह (शब्दश्लेष टाळता येत नाही) पुष्कळांना होतो, आणि ती तुलना जरा तपासून घेतलेली बरी. ऑलिव्हचा खरा नातलग आपल्या सह्याद्रीत आहे. पारजांभूळ म्हणून ओळखला जाणारा हा सदाहरित वृक्ष महाबळेश्वर-माथेरानच्या दाट रानात आढळतो. शास्त्रीय वर्गीकरणात तो ऑलिव्हच्याच प्रजातीचा, म्हणजे शब्दशः रानऑलिव्ह. पण त्याची फळे पक्ष्यांच्या उपयोगी. त्यापासून तेलाची परंपरा इथे उभी राहिली नाही. उलट मोहाचे ऑलिव्हशी रक्ताचे नाते काही नाही, पण संसारातली जागा तीच. दोन्ही झाडे खडकाळ जमिनीत, पाण्यावाचून, पिढ्यान्‌पिढ्या उभी राहतात. दोन्हींचे तेल खायला, दिव्याला आणि अंगाला. दोन्हींचे कच्चे द्रव्य कडू आणि माणसाने युक्तीने गोड केलेले. ऑलिव्हचे फळ खाऱ्या पाण्यात मुरवावे लागते, मोहटीचा गर वाळवून, भरडून, वाफवून मग दाबून पिळावा लागतो. फरकही आहे. मोहटीच्या तेलात घट्ट चरबीचा वाटा मोठा, त्यामुळे हिवाळ्यात ते तुपासारखे थिजते. या गुणात ते आफ्रिकेतल्या शिया लोण्याच्या जवळचे, आणि शियाचे झाड मोहाच्याच कुळातले. अथेन्समध्ये पवित्र मानलेला ऑलिव्ह उपटणे हा गुन्हा होता. वक्ता लिसियासने अशाच एका खटल्यातल्या आरोपीसाठी लिहिलेले भाषण आजही उपलब्ध आहे. तिथे झाड तोडणारा गुन्हेगार ठरे. ठाणे जिल्ह्यात गुन्हेगार ठरला तो झाडाखाली पडलेले फूल घरात ठेवणारा.

मोह अन्न म्हणून किती जुना, याला लेखी पुरावा तुटपुंजा आहे, पण आहे तो बोलका आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठाराच्या अध्यक्षाने कोणत्या बीपासून किती तेल निघेल याचा हिशेब ठेवावा असे सांगितले आहे. तीळ, करडई, मोह आणि हिंगणबेट या चौघांना तिथे एकाच ओळीत बसवून चौथा हिस्सा तेल धरले आहे. मोहटी तिळाच्या पंक्तीला बसलेली, आणि तीही राजाच्या कोठारात. चरकसंहितेत फुलांपासूनच्या आसवांच्या यादीतही मोह येतो, तेव्हा दारूची बाजूही तितकीच जुनी, हे मान्य केले पाहिजे. दोन्ही उपयोग एकाच वेळी चालत होते, एकाने दुसऱ्याला हुसकले नव्हते. आपल्या भागापुरते पाहिले तर एक विरोध नजरेत भरतो. नाशिकच्या पांडवलेण्यांत नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्यात शूर्पारकाचे, म्हणजे सोपाऱ्याचे, नाव येते, डहाणुका नदीवर फुकट तरीची सोय केल्याचे येते, आणि नानंगोल गावी बत्तीस हजार नारळाची झाडे दान दिल्याचेही येते. हे नानंगोल म्हणजे उंबरगावाजवळचे नारगोळ, असे अभ्यासक मानतात. किनाऱ्याचा माड असा जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर चढला. पाच-सहा कोस आतला मोह कुणी दान दिला नाही, कारण तो कुणी लावलेला नव्हता आणि कुणाच्या मालकीचा नव्हता. पोर्तुगीजांच्या काळातही हेच. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजांनी तारापूरचा कोट घेईपर्यंत हा किनारा त्यांच्याकडे होता. त्यांना अशेरीच्या रानातले सागवान जहाजांसाठी हवे होते, आणि चर्चच्या पवित्र तेलाला ऑलिव्हच लागे. मोहाकडे बघण्याचे त्यांना कारण नव्हते. हे दुर्लक्ष झाडाला मानवले, असे मी म्हणेन.

इंग्रजी अमलाच्या पहिल्या पन्नास-साठ वर्षांत मोहावर मक्त्याची पद्धत होती. गाळण्या-विकण्याचा हक्क लिलावाने दिला जाई. मक्तेदार पुष्कळदा पारशी, आणि गावोगाव लहान भट्ट्या. मक्तेदार आदिवासींना लुबाडत नव्हता असे नाही, पण घरातल्या फुलांच्या कणगीशी त्याला देणेघेणे नसे. चित्र पालटले ते १८७८ मध्ये. त्या एका वर्षात दोन कायदे आले: हिंदुस्थानचा वनकायदा आणि मुंबईचा अबकारी कायदा. पहिल्याने रान सरकारचे झाले, दुसऱ्याने रानातले पेय. चार्ल्स प्रिचर्ड या अबकारी कमिशनरच्या धोरणाप्रमाणे विखुरलेल्या भट्ट्या बंद करून गाळप मोजक्या मोठ्या कारखान्यांत आणायचे ठरले, म्हणजे प्रत्येक गॅलन मोजता येईल. ठाणे-मुंबईसाठी हे केंद्र होते उरण. किनाऱ्यावरच्या ताडीच्या झाडांवरचा कर वाढला आणि तारापूर-चिंचणी-केळवे पट्ट्यातले भंडारी त्यात भरडले गेले. तो वेगळा आणि मोठा विषय आहे, इथे फक्त आठवण करून देतो. डोंगराकडे अडचण निराळी होती. ताडाला नंबर घालता येतो, कारण ताडी काढायला झाडावर चढावे लागते. मोहाला नंबर घालून उपयोग काय? फूल आपण होऊन खाली पडते आणि टोपलीतून घरी जाते. दारू दुकानात महाग झाली तेव्हा घराघरांत मडक्यांवर मडकी चढली. ती शोधायला पोलीस पुरेनात. मग खात्याने फुलांनाच हात घातला.

१८९२ चा कायदा तो हाच. ठाणे आणि कुलाबा या दोन जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर, विकण्यावर, बाहेरून आणण्यावर निर्बंध आले. इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की फूल अन्न आहे हे सरकारला ठाऊक नव्हते, असे म्हणायची सोय नाही. बिहारमधल्या मुंगेरला अधिकारी असलेल्या एडवर्ड लॉकवुडने १८७० च्या दशकाच्या अखेरीस लंडनच्या लिनियन सोसायटीसाठी मोहावर टिपण लिहिले होते. माणसांना आणि गुरांना हे फूल किती पोसते, हाच त्याचा विषय. १८७३-७४ च्या बिहारमधल्या टंचाईत मोहाने लोकांना तारल्याची नोंद सरकारी लिखाणात फिरत होती. जॉर्ज वॉटच्या हिंदुस्थानातील आर्थिक वनस्पतींच्या कोशाचा पहिला खंड १८८९ मध्ये निघाला. त्यात मोहाची नोंद लांबलचक आहे आणि खाण्याचे उपयोग तिथे तपशिलाने येतात. हा कोश सरकारी खर्चाने छापलेला. कायदा त्यानंतर तीन वर्षांनी. शिवाय १८८५ मध्ये खास ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतल्या रानाच्या तक्रारी ऐकायला मुंबई सरकारने वन आयोग नेमला होता, त्याचा अहवाल १८८७ मध्ये आला. राब भाजण्यापासून लाकूडफाट्यापर्यंत रानावर लोकांचे जगणे कसे टेकले आहे, याची पाने भरून चर्चा सरकारदरबारी झालेली होती. दुसरी गोष्ट उरणची. तिथल्या भट्ट्यांना लागणारी फुले पंचमहालासारख्या भागांतून वखारीच्या वखारी भरून येत. गुजरातेतून मुंबईकडे येणारा लोहमार्ग बोईसर-पालघरवरूनच जातो. मोहाचे फूल मक्तेदाराच्या वखारीत असले की माल आणि वारल्याच्या टोपलीत असले की मुद्देमाल, असा हा न्याय होता. दारूबंदीचा हेतू यात शोधू नये. सरकारला दारू बंद करायची नव्हती, आपली विकायची होती.

आता मूळ मुद्दा. अन्न म्हणून आणि दारू म्हणून वापर, या दोहोंत फुलांचा साठा करण्याची गरज सारखी नाही. दारू गाळणाऱ्याला फुले भिजवून आंबवायला काही दिवस पुरतात. हंगामातच भराभर गाळून मोकळे होता येते, रानात नाल्याकाठी मडके लावता येते, फुले संपली की पुरावा संपला. खाणाऱ्याला मात्र तीच फुले एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत घरात, कणगीत, सर्वांना दिसतील अशी ठेवावी लागतात. ठेवणे हाच त्याच्या उपयोगाचा गाभा. कायद्याने मना केले ते ठेवणे. धाड पडते तेव्हा भट्टीवाला पळून गेलेला असतो आणि कणगीवाली बाई घरात बसलेली असते. म्हणून या कायद्याचा भार जिथे पडायला हवा तिथे न पडता उलट बाजूला पडला. चोरटे गाळप रानात शिरले, चतुर झाले आणि टिकले. पावसाळ्याची बेगमी उघड्यावरची होती, ती भीतीने आटत गेली. बेगमी आटली की फूल एप्रिलमध्येच व्यापाऱ्याला किंवा भट्टीला देऊन टाकणे शहाणपणाचे ठरते. दुसऱ्या शब्दांत, कायद्याने खाणाऱ्यालाच गाळणाऱ्याच्या दारात नेऊन उभे केले. मग पुढच्या पिढीचे अधिकारी लिहिणार की हे लोक मोहाची दारूच करतात, आणि ते खरेही असणार.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. वारली समाजात दारू देवाला लागते, लग्नाला लागते, मयताला लागते; मोह त्यांनी गाळला तो अबकारीने शिकवला म्हणून नव्हे. मग खाण्याचा एवढा उदोउदो कशासाठी? गाळण्याची परंपरा जुनी आहे हे वर मान्य केलेच आहे. पण आक्षेप घेणारा दोन प्रश्न एकत्र करतो. लोक मोह पीत होते का, हा एक प्रश्न. पिण्यामुळे खाणे नव्हते का, हा दुसरा. ज्या घरात धान्य सहा महिने पुरत नाही ते घर हंगामातली सगळी फुले पेयात घालवील, हे मानणे म्हणजे त्या घरातल्या बाईला हिशेब येत नाही असे मानणे. फुले वेचणे आणि वाळवणे बायकांच्या हातात होते. द्राक्षाची वाइन करणारे प्रदेश मनुकाही वाळवतात आणि तिथे कुणी द्राक्षाला दारूचे फळ म्हणत नाही. मोहाच्या वाट्याला वेगळा शब्द आला तो वेचणाऱ्यांच्या जातीमुळे आणि नोंद करणाऱ्यांच्या खात्यामुळे.

दुसरा आक्षेप अधिक नेमका आहे आणि तो मला जास्त विचार करायला लावतो. बंदी फुलांवर होती. मोहटीवर अबकारीची नजर नव्हती. दारू फुलाची होते, बीची होत नाही. मग तेलाचे खाणे का मोडले? याचे उत्तर एकट्या १८९२ मध्ये सापडत नाही, आणि ओढूनताणून तिथे नेऊ नये. तेलाच्या बाबतीत तीन गोष्टी एकामागून एक घडल्या. पहिली मालकीची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डहाणू, उंबरगाव, माहीम तालुक्यांतली वारल्यांची जमीन कर्जापायी सावकार-जमीनदारांकडे गेली आणि बांधावरचा मोहही जमिनीबरोबर गेला. उरलेला राखीव रानात. १९४५ मध्ये गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध बंड केले तोवर ही स्थिती होती. ज्याला स्वतःचा दिवस स्वतःचा नव्हता त्याने मोहटी वेचून, फोडून, भरडून तेल काढायला उसंत कुठून आणायची? दुसरी गोष्ट बाजाराची. पहिल्या महायुद्धापूर्वी मोहटी मुंबई बंदरातून युरोपात, मुख्यतः जर्मनीकडे, जात असे. तिथे तिच्या चरबीचा साबण, मेणबत्ती आणि खाद्य स्निग्धही होई. पेंडीत सॅपोनिन असते, त्याने गांडुळे वर येऊन मरतात, म्हणून इंग्लंडातल्या गोल्फच्या हिरवळींवर मोहाची पेंड टाकत. (आपल्याकडे तीच पेंड तळ्यातले नको असलेले मासे मारायला वापरतात.) बी विकून रोकड मिळते म्हटल्यावर घरचे तेल मागे पडणे स्वाभाविक होते. तिसरी गोष्ट नावाची, आणि ती स्वराज्यातली. खादी-ग्रामोद्योगाच्या योजनांमध्ये कडुनिंब, करंज यांच्या रांगेत मोहाचे तेल ‘अखाद्य तेल’ म्हणून साबणासाठी बसवले गेले. हेतू चांगला होता. खाद्य तेल साबणात जाऊ नये आणि गावात रोजगार यावा. पण कौटिल्याने जे बी तिळाशेजारी ठेवले ते आपण करंजाशेजारी ठेवले. एखादे तेल लोक खातात हे ठाऊक असताना त्याला अखाद्य म्हणणे आणि फूल खातात हे ठाऊक असताना त्याला मादक द्रव्याचा कच्चा माल म्हणणे, यांत फरक दंडाचा आहे, दृष्टीचा नाही.

तिसरा आक्षेप सहृदय माणसाचा. मोह हे भुकेचे अन्न होते. उकडलेली फुले खावी लागणे हे दैन्य. रेशनचा तांदूळ आणि पामतेलाची पिशवी घरात आली आणि लोकांनी मोह सोडला, तर त्याचा शोक का करावा? आहाराच्या हिशेबानेही फुलात साखर भरपूर आणि प्रथिने थोडी. हा आक्षेप अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्याशी मला वाद नाही. कुणी निवडून पामतेल घेतले असेल तर त्याला मोहटी कांडायला लावण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण पालघरच्या बाबतीत निवड शेवटी आली, मनाई आधी. रेशनचे दुकान गावात येण्याच्या कित्येक पिढ्या आधी फुलांची कणगी रिकामी झाली होती, आणि मधल्या पिढ्यांना दोन्ही नव्हते. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली तेव्हा सगळ्या महाराष्ट्राचे लक्ष तिकडे गेले. मोह असता तर ती वाचली असती, असला स्वस्त दावा मी करणार नाही. साथी, रस्ते, दवाखाने यांचा वाटा मोठा होता. एवढेच म्हणतो, की पावसाळ्यातल्या महिन्यांना तोंड देण्याची जी घरगुती व्यवस्था त्या डोंगरात होती, तिचा एक खांब मोह होता आणि तो शंभर वर्षांपूर्वी कायद्याने हलवलेला होता. साखरेच्या आक्षेपाला उत्तर शिजवण्यातच आहे. फूल एकटे खात नसत, नाचणी-कडधान्याच्या जोडीने खात. ऑलिव्हही भूमध्य काठावर गरिबाच्या भाकरीबरोबरच वाढला. त्याला दैन्याचे अन्न म्हणून कुणी टाकले नाही, उलट आज तो बोईसरच्या मॉलमधल्या कप्प्यात काचेच्या बाटलीत मानाने उभा आहे.

स्वातंत्र्यानंतर तरी वही बदलली का? फारशी नाही. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यातही मोहाची फुले नियंत्रित वस्तू म्हणूनच राहिली. फरक इतकाच की आता हेतू महसुलाचा नसून नीतीचा होता. टोपलीला दोन्ही सारखेच. मधल्या काळात भूगोलच पालटला. तारापूरच्या अणुवीज केंद्राने १९६९ मध्ये वीज द्यायला सुरुवात केली, बोईसरला औद्योगिक वसाहत आली, कापडाचे, रसायनांचे, औषधांचे कारखाने उभे राहिले, आणि मनोर-विक्रमगडकडचा वारली तरुण फुले वेचण्याच्या हंगामात कंत्राटी कामावर जाऊ लागला. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर स्वतंत्र जिल्हा झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आदिवासींची मालकी मान्य केली, पण मोहाच्या फुलाला दारूबंदी कायद्याचे कुलूप होतेच. एका कायद्याने मालक ठरलेला माणूस दुसऱ्या कायद्याने आरोपी ठरू शकत होता. आता कृषी विभाग रानभाज्यांचे महोत्सव भरवतो. ते बहुधा ऑगस्टमध्ये, आदिवासी दिनाच्या सुमारास असतात, आणि तोवर दोड्यांचा मोसम सरलेला असतो. टेबलावर करटोली-शेवळी मांडलेल्या, मोह मात्र असलाच तर लाडवाच्या रूपात. या महोत्सवांचे संयोजक हे वाचत असतील तर एक विनंती आहे: एखादा महोत्सव मे महिन्यात घ्या, मोहटीचे तेल काढता येणाऱ्या म्हाताऱ्या अजून डहाणू-जव्हारच्या पाड्यांवर आहेत तोवर, आणि त्यांना भाषण न देता उखळ द्या.

फुले गोळा करणे, साठवणे आणि वाहून नेणे यांवरचे निर्बंध आदिवासींसाठी उठवण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये घेतला. १८९२ पासून मोजले तर मध्ये १२९ वर्षे गेली. मोहाच्या रोपाला पहिले फूल यायला आठ-दहा वर्षे लागतात. त्या निर्णयाच्या पावसात कुणी रोप लावले असेल, तर ते अजून फुललेले नाही.